डिंग जुनहुईचं करिअर फॉलो कसं करायचं (स्नूकर नव्याने बघायला लागलेल्यांसाठी)

मे २०२५ मध्ये चीनचा झाओ शिनतोंग स्नूकरचा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण तरी मला विचारून गेले की अरे स्नूकर बघायचंय, सुरुवात कुठून करू. बहुतेक लोक नियमांपासून सुरू करतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. माझं म्हणणं असं की नियम नंतर, आधी एक खेळाडू पकडा आणि त्याचं करिअर पहिल्यापासून वाचत या, टूर कशी चालते, रँकिंग काय भानगड आहे, मॅच किती लांब असते हे सगळं त्या नादात आपोआप कळतं. आणि खेळाडू पकडायचा तर चीनचाच डिंग जुनहुई. झाओ नाही. झाओ का जिंकू शकला ते कळायला डिंग आधी वाचावा लागतो.

आता पहिलं काम, नाव नीट लावून घ्या. डिंग हे आडनाव आहे, जुनहुई हे नाव. आपल्या शाळेच्या फॉर्मवर कसं आडनाव आधी लिहायला लावतात, चिनी लोकांचं कायमच तसं. त्यामुळे स्कोअरबोर्डवर 'डिंग' दिसतं आणि समोर 'ओसलिव्हन' (इंग्लंडचा दिग्गज रॉनी ओसलिव्हन), दोन्ही आडनावंच. झाओ पण आडनाव. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे लियांग, यान, श्याओ, लेई अशी नावं आली की गोंधळ उडत नाही, कारण आता टूरवर चिनी पोरं एवढी आहेत की गोंधळ उडायला भरपूर जागा आहे.

खेळ तरी किती माहीत हवा? एवढंच पुरे: पांढऱ्या बॉलने मारून एक लाल बॉल खिशात घालायचा, मग एक रंगीत, परत लाल, परत रंगीत. लाल १ गुणाचा, काळा ७ चा. १५ लाल, प्रत्येकामागे काळा घातला तर १२०, मग उरलेल्या सहा रंगीत बॉलचे २७, झाले १४७. यालाच मॅक्झिमम म्हणतात. एका दमात, मध्ये न चुकता, शंभर किंवा त्याच्या वर गेलं की सेंच्युरी. बाकी सेफ्टी, स्नूकर लावणं, फाऊल हे बघता बघता कळेल, आणि ज्याने कॉलेजात असताना बेसमेंटमधल्या पार्लरमध्ये 'हरेल तो टेबलाचे पैसे देईल' या बोलीवर दुपारी घालवल्यात त्याला तर वेगळं सांगायची गरजच नाही. (मी टेबलाचे भरपूर पैसे दिलेत.)

आता सुरुवात. डिंगचा जन्म १ एप्रिल १९८७ चा, गाव यीशिंग, च्यांगसू प्रांतात. गोष्ट अशी सांगतात की वडील कुणाशी तरी खेळत होते, मध्येच टॉयलेटला गेले, तेवढ्यात या आठ-नऊ वर्षांच्या पोराने त्यांचा डाव पुढे खेळून जिंकून टाकला. खरं किती आणि मीठमसाला किती ते सोडा, पुढचं मात्र खरं आहे: वडिलांनी घर विकलं आणि पोराला घेऊन दक्षिणेला ग्वांगडाँग प्रांतात डोंगगुआनला गेले, कारण चांगलं ट्रेनिंग तिकडे होतं. आपल्याकडे पोराच्या क्रिकेटसाठी बिऱ्हाड उचलून मुंबईला जाणारे आईबाप आपण बघतो, पण तिथे मुंबईला रणजी असते, आयपीएल असते, काहीतरी शिडी असते. १९९० च्या दशकात चीनमध्ये स्नूकरमध्ये करिअर केलेला एकही माणूस समोर नव्हता. कुठलाही खेळाडू वाचताना हा प्रश्न आधी विचारा, याच्या आधी या रस्त्याने कोण गेलं होतं? डिंगच्या बाबतीत उत्तर आहे, मेनलँड चीनमधून असं मोठं नाव कुणीच नाही. हाँगकाँगचा मार्को फू होता, पण ती गोष्ट वेगळी.

२००२ मध्ये पंधराव्या वर्षी तो २१ वर्षांखालचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, २००३ मध्ये प्रोफेशनल. प्रोफेशनल म्हणजे काय तर टूर कार्ड, म्हणजे मोठ्या स्पर्धा खेळायचा परवाना. मेन टूरवर साधारण १२८ जण असतात, नव्या माणसाला कार्ड मिळतं ते दोन वर्षांचं, आणि त्या दोन वर्षांत पहिल्या ६४ मध्ये आला नाहीस तर कार्ड गेलं, मग परत क्यू स्कूल (कार्ड मिळवायची पात्रता स्पर्धा) नाहीतर दुसरा कुठला तरी दरवाजा. आणि ही टूर राहते कुठे, तर मुख्यतः इंग्लंडमध्ये. म्हणजे सोळा वर्षांचा पोरगा, भाषा येत नाही, जेवण वेगळं, आणि रोज सहा-आठ तास एकटा टेबलापाशी. त्यामुळे एखाद्या चिनी खेळाडूचे पहिले दोन-तीन सीझन वाईट दिसले तर लगेच 'फ्लॉप' लिहून मोकळे होऊ नका, अर्धा वेळ तो माणूस नुसता तिथे रुळत असतो.

मग येतं २००५, आणि इथे थांबून बघा. एप्रिलमध्ये बीजिंगला चायना ओपन, डिंगला अठरा पूर्ण होऊन जेमतेम दोन दिवस झालेले, फायनलला समोर स्टीफन हेंड्री, सात वेळचा वर्ल्ड चॅम्पियन. डिंग ९-५ ने जिंकला. चीनमध्ये ही फायनल ११ कोटींच्या आसपास लोकांनी टीव्हीवर बघितली असं तेव्हा छापून आलं होतं. गंमत म्हणजे तो या स्पर्धेत घरचा खेळाडू म्हणून वाइल्डकार्डवर खेळला होता, त्यामुळे एवढं करून रँकिंगचे पॉइंट शून्य! डिसेंबरमध्ये यूके चॅम्पियनशिपला मग स्टीव्ह डेव्हिसला १०-६ ने हरवलं, ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेरचा पहिला विजेता. हेंड्री आणि डेव्हिस, ऐंशी आणि नव्वदच्या दशकातले दोन राजे, एकाच वर्षात दोन फायनलमध्ये. चीनमध्ये पार्लरं भरायला लागली ती इथून.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय, आणि ही मी डिंगच्याच एका वाईट रात्रीवरून शिकलो. मॅच लावायच्या आधी बघा की ही 'कितीला पहिला' आहे. स्नूकरमध्ये प्रत्येक स्पर्धेत, कधीकधी प्रत्येक राउंडला लांबी बदलते. कुठे चार फ्रेम (म्हणजे डाव) जिंकल्या की झालं, कुठे सहा, कुठे दहा, वर्ल्ड फायनलला अठरा. जानेवारी २००७, लंडनला वेम्बली अरीनामध्ये मास्टर्स. त्याच आठवड्यात डिंगने अँथनी हॅमिल्टनविरुद्ध १४७ मारला होता, वय १९, म्हणजे हवा जोरात. फायनलला ओसलिव्हन. सुरुवात डिंगची चांगली झाली आणि मग ओसलिव्हन असा काही खेळला की समोरच्याने फक्त खुर्चीत बसून राहायचं. वर प्रेक्षकांतून टोमणे. ९-३ झालं आणि डिंगने उठून हात पुढे केला, त्याला वाटलं मॅच संपली. संपली नव्हती, मॅच दहाला होती. ओसलिव्हनने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेलं, परत आले, एक फ्रेम अजून झाली, १०-३. पोरगा रडत होता. ही क्लिप शोधून बघाच, पण हसायला म्हणून नको. तीन महिन्यांनी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पहिल्याच राउंडला परत ओसलिव्हनच समोर आला आणि डिंग १०-२ ने हरला. त्यानंतर दोनेक वर्षं तो कुठे हरवला हे निकालांच्या यादीत बघितलं तर कळणार नाही, पण ही रात्र बघितली असेल तर कळतं. २००९ ला परत यूके जिंकला, जॉन हिगिन्सला १०-८, तेव्हा तो २२ चा होता आणि म्हणजे कमबॅक करून झालेला होता. मास्टर्स पण नंतर घेतलीच त्याने, २०११ ला, मार्को फूला १०-४.

आता रँकिंग. इथे नवे लोक हमखास फसतात, कारण त्यांना वाटतं वर्ल्ड नंबर म्हणजे कोण किती चांगला खेळतो त्याचा नंबर. तसं नाही. हा सरळ पैशांचा हिशोब आहे. २०१४-१५ च्या सीझनपासून गेल्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमध्ये जिंकलेली रक्कम, पाउंडात, तेवढीच मोजतात. एका बाजूने नवे पैसे येतात, दुसऱ्या बाजूने दोन वर्षांपूर्वीचे गळतात. पाण्याच्या टाकीसारखं समजा, वरून नळ चालू आणि खाली भोक, टाकी भरलेली दिसली म्हणून निश्चिंत राहायचं नाही. मास्टर्ससारख्या आमंत्रितांच्या स्पर्धेचे पैसे यात धरतच नाहीत, पहिल्या सोळांना बोलावतात, जिंका, मजा करा, रँकिंगला उपयोग नाही.

डिंगवर हे लावून बघा. २०१३-१४ चा सीझन: शांघाय मास्टर्स, इंडियन ओपन, इंटरनॅशनल चॅम्पियनशिप, जर्मन मास्टर्स, चायना ओपन. एका सीझनमध्ये पाच रँकिंग टायटल, हेंड्रीच्या १९९०-९१ च्या रेकॉर्डशी बरोबरी, आणि त्यातल्या पहिल्या तीन तर सलग. यातली इंडियन ओपन आपल्यासाठी खास, कारण ऑक्टोबर २०१३ ला दिल्लीत फायनलला त्याच्यासमोर मुंबईचा आदित्य मेहता होता. रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय. डिंगने ५-० केलं. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण आता मागे वळून बघितलं की वाटतं त्या सीझनच्या डिंगसमोर कुणीही असता तरी फार वेगळं झालं नसतं. ज्या खेळाचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या ऑफिसर्स मेसमध्ये झाला म्हणतात, त्यात आपला माणूस रँकिंग फायनलला पोचायला २०१३ उजाडलं, हे मात्र आजही टोचतं.

डिसेंबर २०१४ ला तो वर्ल्ड नंबर वन झाला, आशियातला पहिला. आणि तिथून सव्वा वर्षात? पहिल्या सोळाच्या बाहेर. खेळ एवढा बिघडला होता का, तर थोडा बिघडला होताच, पण खरं कारण टाकीचं भोक. २०१३-१४ च्या पाच टायटलची कमाई दोन वर्षं झाली तशी गळून गेली आणि मधल्या काळात तेवढं भरलंच नव्हतं. कुणी 'अमुक एकदम खाली कसा घसरला' म्हणालं की आधी दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात तो काय जिंकला होता ते बघा, दहातल्या सात वेळा उत्तर तिथेच असतं.

सोळाच्या बाहेर गेलं की काय होतं, तर वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दरवाजा बदलतो. शेफिल्डचं क्रुसिबल थिएटर, १९७७ पासून स्पर्धा तिथेच होते, ३२ जण खेळतात. वरचे १६ थेट आत. बाकीचे १६ क्वालिफायिंगमधून, त्याच शहरात दुसऱ्या हॉलमध्ये, प्रेक्षक मोजके, टेबलं शेजारी शेजारी, आणि दहाला पहिला अशा मॅचवर मॅच. म्हणून ड्रॉ बघताना कुठला खेळाडू सीडेड आणि कुठला क्वालिफायर हे आधी बघून घ्या. क्वालिफायर आतमध्ये येतो तेव्हा त्याचे हात गरम असतात, सीडेड माणूस मात्र थंड बसलेला असतो, त्यामुळे पहिल्या राउंडला धक्के बसतात. डिंगलाच बसलाय, पाच टायटलच्या त्या सीझनच्या शेवटी २०१४ ला मायकल वॉस्ली नावाच्या नवख्या क्वालिफायरकडून ९-१०.

आणि २०१६ ला तो स्वतः त्या दुसऱ्या दरवाजाने आला. तीन क्वालिफायिंग मॅच, मग आत मार्टिन गूल्ड, जड ट्रम्प, मार्क विल्यम्सला १३-३, सेमीला अ‍ॅलन मॅकमॅनसविरुद्ध १७-११ आणि त्या एका मॅचमध्ये सात सेंच्युरी. आशियातला पहिला वर्ल्ड फायनलिस्ट. फायनलला मार्क सेल्बीने पहिल्या सहाच्या सहा फ्रेम घेतल्या. ०-६. दुसरा कुणी असता तर उरलेले दीड दिवस नुसते हजेरी लावायचे होते, पण हा चिकटून राहिला आणि शेवटी १८-१४ असं संपलं. (त्याच रात्री सेल्बीच्या गावचा लेस्टर सिटी फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकला, त्या माणसाचं नशीब बघा.) माझ्या मते डिंगच्या करिअरचा सगळ्यात मोठा महिना हाच, ट्रॉफी नाही मिळाली तरी. २००७ ला ९-३ वर हात पुढे करणारा पोरगा आणि २०१६ ला ०-६ वरून १४ पर्यंत येणारा माणूस, या दोन फायनल शेजारी शेजारी ठेवून बघा. विकिपीडियावरच्या टायटलच्या तक्त्यात या दोन्हींची नोंद एकसारखीच, 'उपविजेता'.

त्यानंतरचं पटकन. २०१७ ला परत सेमीत सेल्बीकडून १५-१७. २०१९ ला तिसरं यूके, मॅग्वायरला १०-६, वय ३२. २०२२ च्या यूके फायनलला मार्क अ‍ॅलनविरुद्ध ६-१ ने पुढे असून १०-७ ने हरला, मी टीव्ही बंद करून झोपलो होतो निवांत, सकाळी उठून स्कोअर बघितला आणि विश्वासच बसेना. २०२३ ला परत यूके फायनल, परत ७-१०, समोर परत ओसलिव्हन. आणि मग नोव्हेंबर २०२४ ला इंटरनॅशनल चॅम्पियनशिप, क्रिस वेकलिनला १०-७, पाच वर्षांनी रँकिंग टायटल, एकूण पंधरावं. वर्ल्ड टायटल मात्र नाहीच.

इथे झाओ येतो. पण त्याच्या आधी एक काळं पान आहे, ते टाळून पुढे जाऊ नका, फॅन म्हणून अवघड जातं पण वाचा. २०२३ मध्ये मॅच फिक्सिंग प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली. लियांग वेनबो, जो डिंगबरोबर चीनसाठी वर्ल्ड कप जिंकला होता, आणि ली हांग, या दोघांवर आजन्म. २०२१ चा मास्टर्स विजेता यान बिंगताओ पाच वर्षं. झाओवर स्वतः मॅच फिक्स केल्याचा आरोप नव्हता, पण दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये सामील असणं आणि बेटिंग यासाठी २० महिने. कोण कशासाठी किती बंदीत आहे हे वेगवेगळं वाचा, 'सगळे चिनी तसलेच' हे म्हणणं आळशीपणाचं आहे, आणि 'बिचारी पोरं होती' हे पण.

बंदी सप्टेंबर २०२४ ला संपली तेव्हा झाओकडे टूर कार्ड नव्हतं, म्हणजे कागदोपत्री हौशी. खालच्या क्यू टूरवर खेळला, तिथे सगळ्यांना धुतलं, मग वर्ल्डच्या क्वालिफायिंगला सगळ्यात खालच्या राउंडपासून सुरू. चार मॅच बाहेर, पाच आत. सेमीला ओसलिव्हनला १७-७, फायनलला पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला १८-१२. पहिला आशियाई चॅम्पियन, आणि हौशी म्हणून जिंकणारा पण पहिला. बक्षीस ५ लाख पाउंड, आणि आता टाकी आठवा, त्या एका स्पर्धेच्या जोरावर तो थेट अकराव्या नंबरवर. डिंग जिथे ३२ जणांत क्वालिफायर म्हणून येऊन चार फ्रेमने कमी पडला होता, त्याच दरवाजाने नऊ वर्षांनी हा आत आला. फरक एवढाच की डिंग सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा कुणी नव्हता, आणि झाओच्या वेळी शेफिल्डमध्ये चिनी खेळाडूंची अख्खी वस्ती होती, त्यात डिंगच्या नावाची अकॅडमी पण.

आता प्रॅक्टिकल. निकाल शोधायला क्यूट्रॅकर ही वेबसाइट बेस्ट, खेळाडूचं नाव टाका, सीझन निवडा, प्रत्येक मॅचचा स्कोअर मिळतो. वेळेचं गणित पाठ करून टाका: क्रुसिबल एप्रिल-मेमध्ये असतं, तेव्हा इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे त्यांचं सकाळी १० चं सेशन (लांब मॅच अशा तुकड्यांत खेळवतात) आपलं दुपारी २:३० ला, २:३० चं संध्याकाळी ७ ला, आणि ७ चं रात्री ११:३० ला, ते दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर विसरा. हिवाळ्यात, म्हणजे यूके आणि मास्टर्सला, फरक साडेपाच तास. चीनमधल्या स्पर्धा आपल्याला सोयीच्या, ते अडीच तास पुढे आहेत त्यामुळे त्यांचं संध्याकाळचं ७:३० चं सेशन आपल्या चहाच्या वेळेला, ५ ला.

लांब मॅच आख्खी बघायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. सेशनच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम बघा, कारण ६-२ ने ब्रेकला जाणं आणि ५-३ ने जाणं यात रात्रीच्या जेवणाची चव बदलते. आणि बॉल कितवा घातला यापेक्षा पांढरा कुठे जाऊन थांबला ते बघत चला, डिंगचं सगळं सौंदर्य त्यात आहे, तो फार कमी वेळा अवघड पॉट घेताना दिसतो कारण स्वतःला अवघड जागी ठेवतच नाही. २०१६ ची मॅकमॅनसविरुद्धची सेमी आहे ऑनलाइन, त्यातल्या सात सेंच्युरींपैकी कुठलीही एक आवाज बंद करून लावा आणि फक्त पांढऱ्या बॉलवर नजर ठेवा.